पोखऱ्या: परग्रहावरचा परजीवी कसा घडवायचा आणि त्याच्या तावडीतून कसं सुटायचं

माझं रोजचं काम म्हणजे जनावरांच्या शेणाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. अंडी मोजायची, कुठल्या कृमीची आहेत ते ओळखायचं, अहवाल लिहायचा. त्यामुळे कुणी परग्रहावरच्या परजीवी राक्षसाची गोष्ट सांगायला लागलं की मी त्याच्या दातांबद्दल विचारत नाही. मी विचारते, याची अंडी कुठे पडतात? आणि तिथून ती पुढच्या यजमानापर्यंत कशी पोचतात? याचं उत्तर नसेल तर राक्षस कितीही अक्राळविक्राळ असो, एका पिढीत त्याचा निकाल लागतो. त्याच्यापासून वाचायला काही करावंच लागत नाही.

म्हणून आधी कागदावर एक मोठं वर्तुळ काढा. त्यावर टप्पे मांडा: अंडं, अळी, यजमानात शिरकाव, आतली वाढ, बाहेर पडणं, मीलन, पुन्हा अंडं. प्रत्येक टप्प्यापुढे लिहा की तो इथे काय खातो, कशानं मरतो आणि पुढे सरकायला त्याला काय लागतं. कथा लिहिणाऱ्याला किंवा गेम बनवणाऱ्याला या वर्तुळातून राक्षस मिळतो. त्याच्या हल्ल्यातून वाचायचं असेल त्यालाही हेच वर्तुळ लागतं, कारण त्यातली सगळ्यात अरुंद जागा शोधून ती बुजवायची असते. परजीवीशी झुंजून कुणी जिंकत नाही, त्याची वाट अडवून जिंकतात. मी इथे असा एक प्राणी घडवून दाखवते. नाव पोखऱ्या. आणि मग त्यालाच कसं संपवायचं तेही सांगते.

रसायनापासून सुरुवात करा

पहिली अडचण अशी की परग्रहावरचा जीव आपल्यात राहू शकेलच कशावरून? पृथ्वीवरचे परजीवी भयंकर चोखंदळ असतात. मेंढीत सुखानं राहणारा कृमी घोड्यात शिरला तर बहुतेक वेळा मरून जातो, आणि मेंढी-घोडा तर एकमेकांचे नातलग. लाखो वर्षं एकाच यजमानाबरोबर काढली की हे कसब येतं. परक्या ग्रहावरून आलेल्याला ते कुठून असणार? त्यामुळे विषाणूसारखा राक्षस सरळ बाद करा. विषाणूला आपल्या पेशीची भाषा वाचता यावी लागते, आणि ती भाषा पृथ्वीपुरतीच आहे.

दुसरी गोष्ट वळणाची. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा, तसे बरेच रेणू दोन वळणांचे असतात. आपली प्रथिनं डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची बनतात, साखरा उजव्या वळणाच्या. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या अशनीत दोन्ही वळणांची अमिनो आम्लं सापडली, त्यातली कित्येक पृथ्वीवरच्या जीवांमध्ये आढळतही नाहीत. म्हणजे कच्चा माल दोन्ही वळणांचा उपलब्ध आहे, जीवसृष्टी कुठलं उचलेल ते तिचं ती ठरवते. मी पोखऱ्याला आपल्या उलट वळण दिलं. त्याचे परिणाम फार दूरवर जातात. १९९२ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी एचआयव्हीचं प्रथिनं कापणारं एन्झाइम आरशातल्या रूपात बनवलं. ते फक्त आरशातलीच प्रथिनं कापू शकलं, आपल्या वळणाच्या प्रथिनाला त्यानं हातही लावला नाही. पोखऱ्याचं तसंच होईल. त्याला आपलं मांस पचणार नाही. रक्तातली साखरही त्याच्या कामाची नाही.

मग तो खाईल काय? इथे बरेच जण आराखडा सोडून देतात. मला मात्र सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. आपल्या शरीरात असेही रेणू आहेत ज्यांना डावं-उजवं नसतं. चरबीतली बहुतेक मेदाम्लं, ग्लिसरॉल, युरिया, ग्लायसीन हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल, फॉस्फेट, क्षार, पाणी, प्राणवायू. यातलं काहीही त्याला जसंच्या तसं वापरता येईल. म्हणजे पोखऱ्या चरबी खातो. नायट्रोजन युरियातून घेतो. बाकीची सगळी बांधणी स्वतः करतो. राक्षसाचं पथ्य असं रसायनातून ठरलं की पुढच्या गोष्टी आपोआप सुचत जातात.

आपलं शरीर त्याला कसं वागवेल

परका जीव दिसला की आपली प्रतिकारशक्ती तुटून पडेल, असं वाटणं साहजिक आहे. पण प्रतिकारशक्तीचा मोठा भाग परक्या प्रथिनांचे तुकडे करून ते टी पेशींना, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, दाखवण्यावर चालतो. उलट वळणाच्या प्रथिनांचे तुकडेच नीट होत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात इशारा दिला तो याच कारणानं. प्रयोगशाळेत आरशातले जीवाणू बनवू नका, कारण माणूस, जनावरं, झाडं या सगळ्यांची संरक्षणं त्यांच्यापुढे कमी पडू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. परग्रहाचा विषय बाजूला ठेवला तरी तो मजकूर मला झोप लागू देत नाही. ही भीती हवेतली नाही.

एक संरक्षण मात्र वळण विचारत नाही. काटा रुतून राहिला, धातूचा तुकडा आत राहिला, तरी शरीर त्याच्याभोवती तंतूंची भिंत बांधतं. भक्षक पेशी गोळा होतात, एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि वस्तूला वेढून टाकतात. पोखऱ्याभोवतीही अशी गाठ तयार होईल. आणि परजीवी काय करतात, तर तुरुंगालाच घर करतात. मेंढीच्या यकृतातली हायडॅटिड गाठ मी पुष्कळदा उघडली आहे. बाहेरचा चिवट थर मेंढीनंच बांधलेला असतो. तो हळूच सोलला की आत पांढरं, शहाळ्यातल्या मलईसारखं थुलथुलीत आवरण निघतं. त्यात स्वच्छ पाणी असतं. भांडं तिरकं केलं की तळाशी बारीक वाळू सरकताना दिसते. त्या वाळूचा कण न् कण म्हणजे पट्टकृमीचं एक डोकं. शस्त्रक्रियेत अशी गाठ पोटात फुटली तर त्यातल्या डोक्यांपासून नव्या गाठी होऊ शकतात. पोखऱ्याची गाठ मी यावरूनच बेतली, फक्त आतलं पाणी काढून तिथे साठवलेली चरबी भरली.

हिशेब करा, हिशेबच राक्षसाला खरं करतो

एका रात्रीत माणसाएवढा वाढणारा राक्षस कागदावर लिहायला सोपा असतो, पण त्याचं वजन येतं कुठून? माणसाचं तीन किलोचं मूल तयार व्हायला नऊ महिने लागतात, आणि तेही आईचं सगळं शरीर त्याच कामाला लागलेलं असताना. मी पोखऱ्याला सहा आठवडे दिले आणि वजन अर्धा किलो ठेवलं. तेवढा देह बांधायला तीन हजार किलोकॅलरी धरल्या. एक ग्रॅम चरबीतून नऊ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साधारण साडेतीनशे ग्रॅम चरबी. एका माणसात सहा पोखऱ्या असले तर दोन किलो चरबी गेली आणि तीन किलो पोखऱ्या तयार झाले. फरक पाण्याचा.

आता यातून काय निघतं बघा. यजमानाचं वजन घटत नाही, थोडं वाढतंच. काट्यावर उभं राहून रोग कळणार नाही. दंड बारीक होतात, गाल बसतात, पोट मात्र टणक लागतं, आणि भूक काही भागत नाही. कुपोषण तपासताना मुलांच्या दंडाचा घेर टेपनं मोजतात. पोखऱ्याच्या साथीत तीच टेप हातात ठेवायची. दर आठवड्याला दंड मोजा. वजन तेवढंच असून दंड उतरत असेल तर पोट तपासायला पाठवा. हे लक्षण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, बेरीज-वजाबाकीत सापडलं. तुमचा राक्षस वेगळा असेल तर त्याचं लक्षणही त्याच्या हिशेबातूनच सापडेल.

मनावरचा ताबा जरा जपून

यजमानाला कळसूत्री बाहुलीसारखं चालवणारा परजीवी सगळ्यांना हवा असतो. पृथ्वीवर तसे आहेत. पाचूच्या रंगाची एक गांधीलमाशी झुरळाच्या छातीत एक डंख मारते, मग डोक्यातल्या नेमक्या जागी दुसरा. त्यानंतर झुरळ धडधाकट असूनही स्वतःहून चालायचं विसरतं आणि ती त्याला मिशीला धरून बिळात नेते. ओफिओकॉर्डिसेप्स बुरशी मुंगीला पानाच्या शिरेचा चावा घेऊन तिथेच मरायला लावते. २०१७ मध्ये लक्षात आलं की बुरशी मुंगीच्या अंगभर, स्नायूंच्या धाग्यांभोवती पसरते पण मेंदूत शिरत नाही. जर्मनीत मेसल इथे सापडलेल्या ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या पानाच्या जीवाश्मावर अशाच चाव्यांचे व्रण आहेत. इतकी वर्षं मुंग्यांसोबत काढल्यावर हे जमतं. काल आलेल्या पाहुण्याला आपल्या मज्जासंस्थेच्या किल्ल्या सापडणार नाहीत, आणि त्याची उलट वळणाची रसायनं आपल्या कुलुपांत बहुधा बसणारही नाहीत.

पण हालवायला मेंदू लागतोच असं नाही. नारू या कृमीचं उदाहरण घ्या. वर्षभर शरीरात राहिल्यावर जवळजवळ मीटरभर लांबीची मादी पायाच्या कातडीखाली येते, तिथे फोड होतो आणि आग आग होते. माणूस काय करणार, पाय पाण्यात बुडवतो. त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. मनावर ताबा नाही, काही नाही. एका आगीनं माणूस नेमका हवा तिथे पोचतो.

पोखऱ्याकडे चरबी आहे आणि चरबी जाळली की उष्णता निघते. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर शंभर वॅटच्या आसपास उष्णता टाकतं. बाहेर पडायच्या आधी तीन दिवस सहाही पोखऱ्या मिळून आणखी शंभर वॅट निर्माण करतात. त्याला दिवसाला सव्वादोनशे ग्रॅमच्या वर चरबी लागते, आणि तेवढी त्यांच्याजवळ साठलेली असते. यजमान आतून पेटल्यासारखा होतो. घाम, तहान, कपडे नकोसे, आणि थंड पाण्यात जाऊन बसायची अनावर ओढ. तळं, टाकी, डबकं, मिळेल ते. पोखऱ्याला साचलेलं गार पाणीच हवं असतं.

बाहेर पडणं

राक्षसाच्या गोष्टीत हा प्रसंग रक्तबंबाळ असतो. खरा प्रसंग त्याहून भयंकर असतो, कारण तो शांत असतो. कोबीवरच्या अळीत एक चिमुकली गांधीलमाशी अंडी घालते. मी अशा अळ्या भिंगाखाली बघत बसते. आधी कातडीवर टेंगळं हलायला लागतात. मग एका टेंगळाच्या टोकाशी काळसर जबडे दिसतात, ते आतून कातडी कुरतडत असतात. छिद्र पडतं, पांढरं डोकं बाहेर येतं, अंग आक्रसत-ताणत सरकतं, आणि बघता बघता दोन्ही कुशींतून गांधीलमाशीची डझनावारी पिल्लं बाहेर. रक्त वाहत नाही. बाहेर पडताना प्रत्येक जण कात टाकतो आणि ती कात छिद्रात बुचासारखी अडकून बसते. आतले महत्त्वाचे अवयव त्यांनी शेवटपर्यंत टाळलेले असतात. कोबीवरची अळी जिवंत असते. कित्येकदा ती त्यांच्या पिवळ्या कोषांवर स्वतःच्या रेशमाचं पांघरूण घालते आणि जवळ कुणी आलं तर डोकं झटकून हाकलते.

ही बुचाची युक्ती मी पोखऱ्याला दिली. पाण्यात बसलेल्या यजमानाच्या पोटाच्या भिंतीतून तो बाहेर पडतो आणि मागे कात ठेवतो. यजमान लगेच मरत नाही. तुमच्या आराखड्यातही यजमान जिवंत राहू द्या. त्यातून कथेला माणूसपण मिळतं आणि बचावाला जागा मिळते.

बाहेर पडलेला प्रौढ पोखऱ्या हातभर लांब, चपटा, तोंड नसलेला. पृथ्वीवर त्याला खाण्यासारखं काही नाही. साठवलेल्या चरबीवर तो चार-पाच दिवस पोहतो, एकदाच मीलन करतो, मादी अंडी टाकते आणि दोघंही मरतात. अंडी जाड कवचाची. वाळली तरी टिकतात, आणि ग्रहावर आली तीही याच रूपात. अंड्यातून दोन मिलिमीटरची अळी निघते आणि काठाच्या पाण्यात वाट बघते. ऊब आणि कर्ब वायू जाणवला की अंगातला खनिजाचा काटा कातडीत घुसवते. इथेही रसायन आडवं येतं. गोचीड किंवा जळू चावते ते कळत नाही, कारण त्यांच्या लाळेत आपल्या शरीराला जुळलेली द्रव्यं असतात. पोखऱ्याकडे तसलं काही नाही. त्याचा काटा दुखतो, चांगलाच दुखतो. शरीरानं दिलेली ही पहिली सूचना, ती वाया घालवायची नाही.

आता वाचायचं कसं

पाण्यात पाय असताना टोचल्यासारखं दुखलं तर ताबडतोब बाहेर या. अळी दिसत असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, चिरडू नका. मग साबण आणि वाहतं पाणी घेऊन पंधरा मिनिटं जखम धुवा. कुत्रा चावल्यावर रेबीजसाठी सांगतात तेच. साबण पेशींचं स्निग्ध आवरण मोडतो आणि त्याला डावं-उजवं कळत नाही, म्हणून तो पोखऱ्याच्या अळीवरही चालतो. नंतर त्या जागेभोवती पेननं गोल काढून तारीख घाला.

अळी आत गेलीच तर पहिले दहा-बारा दिवस ती टोचलेल्या जागीच, कातडीखालच्या चरबीत असते. तिथे वाटाण्याएवढी टणक गाठ लागते. ती बधिर करून अख्खी काढता येते. त्यानंतर ती चरबीच्या थरातून पोटाकडे सरकते आणि काम कठीण होतं. म्हणून काढलेल्या गोलावर रोज बोट फिरवायचं. साथीच्या काळात घरातल्या प्रत्येकाचे पाय रोज संध्याकाळी उजेडात बघायचे. लहान मुलांचे तर नक्कीच, ती टोचल्याचं सांगत नाहीत.

औषधांवर विसंबू नका. जंतांची औषधं पृथ्वीवरच्या जंतांच्या विशिष्ट प्रथिनांवर बसतात, पोखऱ्यात ती प्रथिनंच नाहीत. उष्णता, वाळवणं, साबण, क्लोरीन, गाळणं या गोष्टींना मात्र डावं-उजवं कळत नाही. त्यातही अंडी आणि अळ्यांत फरक आहे. अळी क्लोरीननं मरते, वाळून मरते. अंड्याचं कवच दोन्ही सोसतं. आपल्या पोटातल्या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं जगतात आणि क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या सूक्ष्म परजीवीला नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पुरत नाही, तसंच हेही समजा. त्यामुळे तळं आटलं म्हणजे सुटलो असं धरू नका. प्यायचं पाणी खळखळ उकळी येऊन एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. दूषित पृष्ठभागांना ब्लीच वापरत असाल तर ते आम्लात किंवा अमोनियात कधीही मिसळू नका, त्या वायूनं पोखऱ्याच्या आधी तुम्ही मराल.

पाण्यात उतरावंच लागलं तर गुडघ्याच्या वर जाणारे रबरी बूट आणि जाड हातमोजे. काटा यांत्रिक आहे, रबर वितळवायची कुठलीही युक्ती त्याच्याकडे नाही.

आजारी माणसाला कसं सांभाळायचं

सगळं पारडं इथे फिरतं. पोटात पोखऱ्या असलेला माणूस कुणालाही चावत नाही, त्याच्या श्वासातून काही पसरत नाही. त्याच्या शेजारी बसून जेवलात तरी काही होत नाही. धोका एकाच क्षणाला आहे, तो साचलेल्या पाण्यात उतरतो तेव्हा. ही वर्तुळातली सगळ्यात अरुंद जागा. ती बुजवली की साथ संपली.

म्हणून आजाऱ्याला मारू नका, हाकलू नका, कोंडू नका. लोक घाबरून मारायला धावतात हे कळलं की आजारी माणसं लपतात, आणि लपलेला माणूस अंगाची आग सहन न होऊन रात्री एकटा तळ्यावर जातो. तिथे सगळ्यांचं मरण ठरतं. १९८६ मध्ये जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. लस नाही, मारणारं औषध नाही. तरी २०२४ मध्ये माणसांत पंधरा रुग्ण उरले होते. हे झालं ते पाणी गाळून, आणि रुग्णाला चोवीस तासांच्या आत शोधून, त्याची जखम बांधून, पाण्यापासून दूर ठेवून त्याची काळजी घेतल्यानं. खबर देणाऱ्याला रोख बक्षीस देतात, आणि स्वतःच्या पायातल्या नारूची खबर देणाऱ्यालाही ते मिळतं. पोखऱ्याच्या साथीत पहिल्या दिवशी हेच जाहीर करा: जो स्वतःहून येईल त्याला जागा, जेवण, माणसं आणि पैसे.

विलगीकरणाचे दिवस पोखऱ्याच्या वाढीवरून ठरवा. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना एकवीस दिवस वेगळं ठेवलं होतं, पण समुद्रात यानाचं दार उघडलं तेव्हाच आतली हवा बाहेर गेली होती. त्यातून दोन गोष्टी घ्या. सहा आठवड्यांत वाढणाऱ्या जिवाला एकवीस दिवस अपुरे, पंचेचाळीस ठेवा. आणि भिंतींवर जितकं लक्ष देता त्याहून जास्त दारावर द्या, इथे दार म्हणजे नाहाणीघर आणि गटार.

आग सुरू झाली की आजाऱ्याला थंडावा द्यायलाच हवा, नाहीतर उष्माघातानं जाईल. टबात बसवू नका. ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत गार पट्ट्या, घोटघोट मीठ-साखरेचं पाणी. शक्य असेल तर आग सुरू व्हायच्या आधी शस्त्रक्रिया करून गाठी न फोडता अख्ख्या काढाव्यात. फुटली तर आतली चरबी पोटात सांडून दाह होईल. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर पोखऱ्याला बाहेर येऊ द्या, पण तुमच्या भांड्यात. नारूच्या रुग्णाचा पाय बादलीत बुडवून अळ्या तिथेच सोडायला लावतात आणि पाणी कोरड्या जमिनीवर ओततात. इथे पोटावर पाण्याची पिशवी बांधा, बाहेर आलेला प्रत्येक पोखऱ्या मोजून उकळत्या पाण्यात टाका. सहा गाठी लागल्या होत्या आणि पाच निघाले तर पिशवी सोडू नका. छिद्रातली कात ओढून काढू नका, टाके घालायची तयारी झाल्यावरच डॉक्टर काढतील. प्रतिजैविकं पोखऱ्याला मारत नसली तरी नंतर जखमेत आपलेच जीवाणू शिरतात, त्यांच्यासाठी ती लागतातच. त्यांचा साठा आधी करून ठेवा.

आजाऱ्याला चरबीयुक्त खायला द्यावं की नाही, असं विचारतात. द्यावं. उपाशी ठेवलं तर पोखऱ्या त्याची शेवटची चरबी काढून घेईल, स्वतः उपाशी मरणार नाही.

जनावरं आणि उलटा हल्ला

पोखऱ्याला ऊब आणि चरबी हवी, माणूसच हवा असं नाही. डुक्कर, कुत्रा, म्हैस, सगळं चालेल. चाडमध्ये २०१२ पासून नारू कुत्र्यांत सापडू लागला आणि माणसांतला रोग जवळजवळ संपत आलेला असताना मोहीम कित्येक वर्षं लांबली. म्हणून पहिल्या दिवसापासून जनावरं मोजा, आग सुरू झालेली जनावरं बांधून ठेवा, तळ्यांना कुंपण घाला. माझ्यासारख्यांना या कामावर आधी बोलवा. माणसांचे डॉक्टर जनावरांकडे उशिरा बघतात.

आणि घाई करा. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात सशांवर मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला जवळजवळ सगळे ससे मरत. काही वर्षांतच कमी मारक विषाणू पसरले आणि चिवट ससे उरले. तुम्ही पाण्यावर पहारा बसवला की एखादा पोखऱ्या असा निघेल जो कमी तापतो, महिनाभर थांबतो आणि पहारा ढिला पडल्यावर बाहेर येतो. पुढच्या पिढ्या त्याच्या असतील. पहिल्या तीन-चार पिढ्यांतच वाट बंद व्हायला हवी.

शेवटचे उरलेले तलाव साफ करायला त्याचं एकदाच होणारं मीलन वापरा. जिच्या अळ्या जिवंत मांस खातात त्या स्क्रूवर्म माशीची मादी साधारणपणे एकदाच मीलन करते. प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्सारानं वांझ केलेले नर लाखोंनी सोडले की रानातल्या माद्यांची अंडी फुकट जातात. अमेरिकेनं १९६६ मध्ये देश या माशीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं ते याच मार्गानं. लिबियात ती १९८८ मध्ये शिरली आणि १९९१ पर्यंत तिथून हटवली गेली तीही अशीच. पोखऱ्याला कोमट पाण्याच्या टाकीत, चरबी आणि युरियावर वाढवता येईल. किरणोत्सार कुठल्याही वळणाचा आनुवंशिक रेणू तोडतो. वांझ नर तळ्यात सोडा, मादी तोंड नसलेली, तिच्याजवळ चार दिवस, दुसरी संधी नाही.

शेवटचा रुग्ण सापडल्यानंतर तीन वर्षं दंड मोजणं, जनावरं मोजणं, बक्षीस देणं चालू ठेवा. नारूमुक्त म्हणून प्रमाणपत्र द्यायला किमान तीच मुदत लावतात. आणि काही पोखऱ्या, अळ्या, अंडी दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवा. तारीख, ठिकाण, यजमान, कुठल्या भागातून काढला, एवढं कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहून ती पट्टी बरणीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली लेबलं गळून पडतात आणि शाई विरघळते, पेन्सिलीचं टिकतं.